गळाला लागते तेवढीच नदी नसते

पेटची तयारी करणाऱ्या एका मैत्रिणीनं परवा विचारलं, "पेपर वाचून झाला, सारांशही लिहिला. आता गाईड म्हणतात त्याची चिकित्सा कर. म्हणजे चुका काढायच्या का?"

प्रश्न सोपा वाटतो, पण पहिली दोन वर्षं मलाही त्याचं उत्तर नीट देता आलं नसतं. चुका काढणं सोपं असतं. नमुना लहान आहे, कालावधी कमी आहे, ही दोन वाक्यं कुठल्याही पेपरला चिकटवता येतात. खरी चिकित्सा म्हणजे त्या पेपरातला आकडा नेमकं काय मोजतो, हे शोधणं. तो सांगतो त्याच गोष्टीचा आहे, की दुसऱ्याच कशाचा?

म्हणून आज एकच पेपर घेऊ या. विषय आहे नदीत हौसेनं गळ टाकून धरलेल्या माशांचा, आणि त्या नोंदींवरून नदीबद्दल काय म्हणता येतं याचा. नंतर तोच पेपर आपल्याकडं आणून बघू, परभणी तालुक्यातल्या झरीला, दुधनेच्या काठावर. तिथं माझं एक अख्खं उन्हाळ्याचं काम वाया गेलंय, ते आधी सांगते.

आधी माझी फजिती

माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या खर्ड्यात शेवटी एक वाक्य होतं: "दुधना नदीच्या पात्रात जून व जुलै महिन्यांत गळाने मासेमारी करण्यावर हंगामी बंदी असावी." वाक्य भारदस्त होतं. शिफारस असली की सिनॉप्सिस पूर्ण वाटतो.

हे वाक्य कुठून आलं होतं? एक तर दरवर्षी पेपरात येणाऱ्या समुद्रातल्या मासेमारी बंदीच्या बातम्यांमधून. दुसरं, माझ्या वहीतून. मी रविवारी झरीच्या बाजूला जायची. सुट्टीच्या दिवशी हौसेनं येणारे लोक असतात, कुणाकडं बाजारातली रीळ लावलेली काठी, कुणाकडं बांबूला बांधलेला तंगूस. आमिषाला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी. मी त्यांच्या शेजारी बसायची, काय लागलं ते लिहायची. चिलापी, मरळ, वाम, शिंगाडा, कधी रोहू. एप्रिल-मेमध्ये वही भराभर भरली. पाऊस सुरू झाल्यावर पानं रिकामी राहायला लागली. मी त्याचा अर्थ असा लावला, की पावसाळ्यात नदीतला मासा घटतो, म्हणून त्याला तेव्हा जपायला पाहिजे.

नंतर एक दिवस काठावर जाळं दुरुस्त करत बसलेल्या एका वयस्कर भोई मामांना मी हे मोठ्या उत्साहानं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि दोनच गोष्टी बोलले.

"मॅडम, उन्हाळ्यात मासा लई लागतोय कारण पाणी आटलेलं असतंय. मासा वाढला न्हाई, त्याची खोली लहान झाली." आणि मग, "बरं, बंदी लिहायलाव ती कुणाला? त्या दांडीवाल्याला का आम्हाला?"

दोन्ही प्रश्नांचं उत्तर माझ्या वहीत नव्हतं. घरी येऊन मी तोच पेपर पुन्हा वाचायला काढला, जो मी आधी "उपयुक्त" असा शेरा मारून बाजूला ठेवला होता. यावेळी वाचताना तो वेगळा दिसला.

पेपर काय म्हणतो

पेपर 2015 सालचा आहे. लेखक तीन: एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि रॉबर्ट ब्रिटन. नदी कावेरी, मासा महसीर. कर्नाटकात कावेरीच्या काठी गळाच्या शौकिनांसाठी छावण्या होत्या. तिथं नियम असा, की महसीर धरायचा, मोजायचा, वजन करायचं आणि जिवंत परत सोडायचा. या छावण्यांच्या नोंदवह्यांमध्ये कुणी किती तास गळ टाकला आणि काय लागलं, हे लिहिलेलं असायचं. लेखकांनी 1998 ते 2012 या काळातल्या नोंदी घेतल्या. एकूण 23,620 तास गळ टाकला गेला आणि 6,161 महसीर धरून सोडले गेले.

भागाकार करून बघा. तासाला साधारण 0.26 मासा, म्हणजे एका माशामागं जवळपास 3.8 तास. मत्स्यशास्त्रात याला "प्रयत्नामागे पकड" म्हणतात. पुढं हा शब्द पुन्हा पुन्हा येणार आहे, म्हणून इथंच पक्का करा: पकडलेले मासे भागिले त्यासाठी घातलेला वेळ.

पेपरचा निष्कर्ष दोन भागांत आहे. या पंधरा वर्षांत प्रयत्नामागे पकड ठळकपणे वाढली. त्याच काळात एकेका माशाचं सरासरी वजन मात्र घटलं. म्हणजे मासे जास्त लागायला लागले, पण लहान लागायला लागले. नवीन पिढी जोमानं येतेय आणि धरून सोडायच्या धोरणाचा फायदा होतोय, असा अर्थ त्यातून निघू शकतो. आणि पेपरचा मुख्य दावा असा, की हौशी लोकांच्या नोंदी नदीवर लक्ष ठेवायचं साधन म्हणून वापरता येतात.

यात चांगलं काय आहे, ते आधी

चिकित्सा करताना जमेची बाजू शिष्टाचार म्हणून लिहू नका. ती खरी असते तेव्हाच लिहा. इथं ती खरी आहे.

पहिली गोष्ट, या नोंदींत वेळ आहे. नुसते मासे नाहीत. 6,161 हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. 23,620 तासांच्या शेजारी ठेवला की बोलायला लागतो. माझ्या वहीत तास नव्हते. "आज सहा मासे" एवढंच होतं. चार माणसं तीन-तीन तास बसली असतील तर ते 12 तासांत 6 मासे, तासाला अर्धा. दोनच माणसं एक-एक तास बसली असतील तर तासाला तीन. एकाच "सहा"च्या मागं सहापट फरक लपू शकतो.

दुसरी, रिकाम्या हातानं गेलेला माणूस तासांमुळं हिशोबात येतो. मी ज्याला मासा लागला त्याच्याकडं जायची, कारण तिथं लिहायला काहीतरी असायचं. ज्याला दिवसभर काही लागलं नाही तो माझ्यासाठी त्या दिवशी नदीवर आलाच नव्हता. ही चूक इतकी साधी आहे की कुठल्याही पद्धतीशास्त्राच्या पुस्तकात ती वेगळी दिलेली नसते. प्रत्यक्षात मात्र सगळ्यात जास्त तीच होते.

तिसरी, सलग 15 वर्षं. नदीची कुठलीही गोष्ट एका वर्षावरून बोलू नये. आपल्याकडं तर नाहीच नाही. मराठवाड्यात एक वर्ष दुष्काळाचं आणि पुढचं पुराचं असू शकतं.

आता अडतं कुठं

पेपरच्या शीर्षकात माशाचं शास्त्रीय नाव "टॉर एसपीपी." असं आहे. टॉर ही महसीरांची प्रजाती, म्हणजे गट, आणि "एसपीपी." म्हणजे त्या गटातल्या एकाहून अधिक जाती. वाचताना आपण ही तीन-चार अक्षरं गिळून टाकतो. पेपरचा सगळा पेच तिथं आहे.

कावेरीत निदान दोन प्रकारचे महसीर गळाला लागत होते. एक तिथलाच, पाठीला वशिंड असलेला, ज्याच्या प्रचंड वजनामुळं कावेरीचं खोरं जगभरच्या शौकिनांत प्रसिद्ध झालं. 1946 साली काबिनी नदीत 120 पौंडांचा, म्हणजे साधारण 54 किलोचा महसीर धरल्याची नोंद आहे. दुसरा निळसर परांचा, टॉर खुद्री. हा तिथला नव्हे. हा आपल्याकडचा. सायक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं 1839 साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं ते पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. पुढं टाटांच्या लोणावळ्याच्या पैदास केंद्रात याच माशाची पिल्लं तयार करून देशभरच्या नद्यांत सोडली गेली. हेतू चांगला होता: महसीर कमी होतोय, तो वाढवू. कावेरीतही ती पिल्लं गेली.

आता वाढलेल्या पकडीकडं पुन्हा बघा. मासे वाढले. पण कुठले?

याच तीन लेखकांनी त्याच वर्षी "एन्डेंजर्ड स्पीशीज रिसर्च" या नियतकालिकात दुसरा पेपर लिहिला. तिथं त्यांनी दोन महसीर वेगळे करून पाहिले, आणि चित्र उलटं झालं. बाहेरून आणलेला निळ्या परांचा मासा पकडीत वरचढ झाला होता, आणि वशिंडाचा, तिथला मूळ मासा, नोंदींमधून जवळपास नाहीसा होत चालला होता. शीर्षकातच त्यांनी विचारलं, की हा मासा नामशेष व्हायच्या वाटेवर आहे का? गंमत बघा, त्या वेळी या जगप्रसिद्ध माशाला पक्कं शास्त्रीय नावसुद्धा नव्हतं. ते 2018 साली ठरलं. त्या पेपरच्या लेखकांत पुण्याच्या आयसरचे नीलेश डहाणूकरही होते. वशिंडाचा महसीर म्हणजे टॉर रेमादेवी, असं त्यांनी दाखवून दिलं, आणि त्याच वर्षी आययूसीएनच्या लाल यादीत तो "अतिसंकटग्रस्त" म्हणून नोंदला गेला.

म्हणजे दोन्ही जाती एकत्र मोजल्या तेव्हा आलेख वर जात होता, आणि त्याच आलेखाच्या पोटात एक जात संपत होती.

इथं लेखकांवर तुटून पडायचं कारण नाही. उलट एकाच विदेवर दोनदा काम करून, आपल्याच पहिल्या वाचनाचा अर्थ बदलायची तयारी त्यांनी दाखवली. माझा आक्षेप पहिल्या पेपरच्या मुख्य दाव्यावर आहे. "हौशी नोंदी हे लक्ष ठेवायचं साधन आहे" हे वाक्य अर्धं आहे. "जात वेगळी लिहिलेली असेल तर" हे शब्द त्याला जोडल्याशिवाय ते धोकादायक आहे. कारण धोरण करणारा माणूस दुसरा पेपर वाचेलच असं नाही. त्याला "पकड वाढली" एवढंच ऐकू येतं, आणि तो आणखी पिल्लं सोडतो.

दुसरी अडचण: खोली लहान झाली

आता मामांच्या पहिल्या वाक्याकडं येऊ. पकड वाढली म्हणजे मासे वाढले, हे आपण धरून चालतो. ते नेहमी खरं नसतं.

जगातलं सगळ्यात महागात पडलेलं उदाहरण कॅनडाचं आहे. न्यूफाउंडलंडच्या समुद्रात कॉड माशाचे साठे कमी होत होते, पण मोठ्या ट्रॉलरांची प्रयत्नामागे पकड चांगलीच राहिली. कारण उरलेला मासा दाट थव्यांत गोळा होत होता आणि आधुनिक यंत्रं असलेली जहाजं नेमकी त्या थव्यांवर जात होती. संपत आलेला मासा भरपूर दिसत होता. जुलै 1992 मध्ये सरकारला कॉडची मासेमारीच थांबवावी लागली आणि हजारो लोकांचा रोजगार गेला. पकड चढी आणि साठा उतरता, या स्थितीला मत्स्यशास्त्रात वेगळं नावच आहे. मराठीत आपण "फसवं स्थैर्य" म्हणू.

आता हेच झरीला आणा. दुधना ही पूर्णेची उपनदी, पूर्णा पुढं गोदावरीला मिळते. झरीच्या वर सेलू तालुक्यात निम्न दुधना प्रकल्पाचं धरण आहे. धरणाखालच्या नदीचं उन्हाळ्यात काय होतं, हे मराठवाड्यातल्या कुणाला सांगायला नको. धार तुटते, मागं डोह उरतात. पावसाळ्यात मैलभर पसरलेला मासा त्या दोन-चार डोहांत गोळा होतो. पाणी उथळ, मासा दाट, गळ टाकला की लागतो. माझी वही एप्रिल-मेमध्ये भरली ती याच कारणानं. नदीची सगळ्यात वाईट अवस्था माझ्या वहीत सगळ्यात चांगली दिसत होती.

आणि पावसाळ्यात पानं रिकामी का? पाणी गढूळ, धार जोराची, मासा पांगलेला, आणि हौशी माणूस चिखलात यायला तयार नाही. यातल्या एकाही कारणाचा "मासा घटला" याच्याशी संबंध नाही.

कावेरीचा पेपर वाचताना आता हा प्रश्न तुम्ही स्वतः विचारा: नोंदीच्या शेजारी त्या दिवशीच्या पाण्याची अवस्था आहे का? सगळे तास सारख्याच हंगामातले आहेत का? गळ टाकणारे तेच लोक होते की दरवर्षी वेगळे? पद्धतीच्या भागात उत्तरं शोधा. सापडली तर पेपरला जमा धरा, नाही सापडली तर ती तुमची टिप्पणी.

मग हंगामी बंदीचं काय?

आता माझ्या त्या भारदस्त वाक्याकडं. हंगामी बंदी ही कल्पना वाईट नाही. पण ती कुठून येते आणि कशासाठी असते, हे न बघता मी उचलली होती.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै या 61 दिवसांत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. ती 1981 च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली येते. त्यात प्रजननाचा काळ आहे आणि खवळलेल्या समुद्रात माणसांचा जीव जाऊ नये हाही हेतू आहे. बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना ती लागू नसते. म्हणजे समुद्रातही "बंदी कुणाला" हे आधी ठरवलेलं आहे. मी ते दोन महिने उचलून थेट दुधनेत आणून ठेवले.

गोड्या पाण्याचा कायदा वेगळा आणि जुना. 1897 चा भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियम सुरुंग लावून आणि पाण्यात विष कालवून मासे मारायला मनाई करतो. त्यातली मूळची शिक्षा दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा 200 रुपयांपर्यंत दंड. जाळ्याचा प्रकार आणि आस यावर नियम करायचा, तसंच ठरावीक पाण्यात दोन वर्षांपर्यंत मासेमारी पूर्ण थांबवायचा अधिकार तो सरकारला देतो. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती, त्यामुळं तो कायदा त्या वेळी आपल्याला लागू नव्हताच. महाराष्ट्रानं पुढं 1960 चा स्वतःचा मत्स्यव्यवसाय अधिनियम केला.

संशोधक म्हणून यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. 1897 च्या कायद्याच्या मागं बरीच वर्षं आधी, 1873 साली, फ्रान्सिस डे यांनी केलेला गोड्या पाण्यातल्या माशांवरचा मोठा अहवाल होता. अहवालात जिल्ह्याजिल्ह्यांतल्या महसूल अधिकाऱ्यांकडून आलेली उत्तरं आहेत. काम प्रचंड आहे, आजही उपयोगी आहे. पण बारीक आसाच्या जाळ्यांनी पिल्लं मारली जातात ही तक्रार त्यात अधिकाऱ्यांच्या तोंडून येते. जाळं टाकणाऱ्याचं म्हणणं त्याच वजनानं येत नाही. नोंद कोण लिहितो यावर नियम कुणावर पडतो हे बऱ्याचदा ठरतं. कावेरीच्या छावणीत शौकिनानं लिहिलं, डे यांच्या अहवालात तहसीलदारानं, झरीला मी. जाळं दुरुस्त करणारा माणूस तिन्ही ठिकाणी वहीच्या बाहेर.

बरं, बंद हंगाम नीट बसवलेला कसा दिसतो? हिमाचल प्रदेश बघा. तिथं ट्राउटच्या पाण्यात 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत गळ बंद, कारण ट्राउट थंडीत अंडी घालतो. बाकीच्या सर्वसाधारण पाण्यात बंदी पावसाळ्यात, कारण कार्प जातीचे मासे तेव्हा घालतात. एकाच राज्यात दोन वेगळे हंगाम, कारण मासे वेगळे. उलट इंग्लंडमध्ये नद्यांवर 15 मार्च ते 15 जून हा बंद हंगाम 1878 च्या कायद्यापासून चालत आलेला आहे. 1995 साली तो बहुतेक तळ्यांवरून उठवला, नद्यांवर ठेवला, आणि ठेवावा की नाही यावर तिथले गळवाले अजून भांडतात. नियम एकदा बसला की पुराव्यापेक्षा सवयीवर जास्त टिकतो.

परत झरीला

आता दुधनेला कुठला हंगाम बसेल, हे खरंच विचारून बघू.

कटला, रोहू, मृगळ हे मासे पावसाळ्यात, वाहत्या चढत्या पाण्यात अंडी घालतात. साचलेल्या पाण्यात ते आपणहून घालत नाहीत. म्हणूनच 1957 साली हिरालाल चौधुरी यांनी संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन प्रजनन घडवलं तेव्हा ती एवढी मोठी गोष्ट ठरली. या माशांसाठी पावसाळी बंदीला अर्थ आहे. पण धरणाखालच्या नदीत पाणी चढतं कधी? पहिले पाऊस धरण पोटात घेतं. दरवाजे उघडतात ते धरण भरल्यावर, आणि मराठवाड्यात ते बऱ्याचदा पावसाळ्याच्या उत्तरार्धात होतं. एखाद्या वर्षी होतच नाही. जून-जुलैची बंदी कॅलेंडरला धरून आहे, मासा पाण्याला धरून. या दोघांची गाठ पडेलच याची खात्री नाही.

चिलापी घ्या. तो 1952 साली भारतात आणलेला परका मासा. वर्षातून अनेकदा वितो, पिल्लं तोंडात सांभाळतो, साचलेल्या पाण्यातही वाढतो. हौशी माणसाच्या पिशवीत तोच जास्त दिसतो. त्याला दोन महिन्यांच्या बंदीनं काय फरक पडणार? उलट तो जरा जास्त धरला गेला तर बाकीच्यांना बरंच आहे.

मरळीचं आणखी वेगळं. ती पिल्लांच्या थव्याची राखण करते. राखणीवरचा मासा गळाला लागला तर मागं थवा उघडा पडतो. तिच्यासाठी प्रश्न महिन्याचा कमी आणि "पिल्लं दिसत असतील तिथं गळ टाकू नका" एवढ्या साध्या शहाणपणाचा जास्त आहे.

म्हणजे तीन मासे आणि तीन वेगळे नियम. माझ्या वाक्यात एकच होता.

आणि खरी नाडी कुठं आहे? मामांच्या पहिल्या वाक्यात. उन्हाळ्याच्या शेवटी डोहात उरलेला मासा म्हणजे पुढच्या पावसाळ्याचं बियाणं. शेतकऱ्याच्या घरी बियाण्याची कणगी असते, तसे ते डोह. त्याच वेळी तिथं गळ सगळ्यात जास्त पडतो, कधी कुणी मोटार लावून डोह उपसतो, वाळूसाठी पात्र खणलं जातं. जपायचंच असेल तर दोन महिने अख्खी नदी बंद करण्यापेक्षा वर्षभर दोन डोह सोडणं जास्त उपयोगाचं असू शकतं. ही कल्पना नवी नाही. रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड आहे. तिथल्या डोहातले मासे देवीचे म्हणून कुणी धरत नाही, आणि महसीर तिथं टिकून आहेत. ती बंदी जागेची आहे, महिन्याची नाही. ती पाळली जाते कारण गावानं ती आपली मानलीय.

पण थांबा. झरीला हे लागू पडेल असं मी अजून म्हणू शकत नाही. माझ्याकडं त्याचा पुरावा नाही. वाळण कोंड कोकणात आहे, तिथला पाऊस वेगळा. दुधनेचा डोह मेमध्ये पूर्णच आटला तर राखून काय उपयोग? हे तपासायचा प्रश्न म्हणून लिहिता येतं, शिफारस म्हणून नाही. संशोधनात ही रेघ ओढता येणं फार गरजेचं आहे.

आणि मामांचा दुसरा प्रश्न. नदीत गळ टाकणारा हौशी माणूस रविवारी येतो, नाही आला तर त्याची संध्याकाळ जाते. भोई कुटुंबाची चूल त्याच पाण्यावर असते. तलाव-जलाशयांची मासेमारी सहकारी संस्थांना ठेक्यानं दिली जाते, पण नदीच्या एखाद्या तुकड्यावर पिढ्यानपिढ्या जाळं टाकणाऱ्याकडं कागद असेलच असं नाही. "मासेमारी बंद" असं सरसकट लिहिलं की ते त्याच्यावर पडतं ज्याच्याकडं दाखवायला काही नाही. दांडीवाला दुसऱ्या धरणावर जातो. माझ्या शिफारशीत "गळाने" हा शब्द होता, हे खरं. पण जाळंवाल्यांचा विचार करून मी तो घातलेला नव्हता. माझ्या वहीत फक्त गळवाले होते म्हणून तो आला होता.

आता काम तुमचं

मी ते वाक्य सिनॉप्सिसमधून काढलं. गाईडनी विचारलं, "शिफारस कुठं गेली?" मी सांगितलं, प्रश्न चुकीचा होता. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, मग बरोबर प्रश्न लिहून आण. सहा महिने मागं गेले. पहिल्या उन्हाळ्याची वही प्रबंधात वापरता येणार नाही. वाईट वाटलं, अजून वाटतं. पण ती शिफारस तशीच पुढं सरकली असती आणि उद्या कुणी तिचा आधार घेऊन नदीवर पाटी लावली असती, तर ते मला जास्त जड गेलं असतं.

आता माझ्या वहीत प्रत्येक फेरीला काही रकाने ठरलेले आहेत. किती माणसं, किती तास, त्यात रिकाम्या हातानं गेलेले किती. माशाची जात, आणि नुसतं "बारीक मासे" असं कधीच नाही. ओळखता आलं नाही तर फोटो. नदी वाहतेय की डोहात तुटलीय, डोह असेल तर काठावरच्या खुणेपासून पाणी किती खाली. वर धरणातून पाणी सोडलंय का. आणि शेवटी जाळंवाल्यांची नोंद, त्यांच्या शब्दांत.

तुमचा विषय मासे नसेलही. बँकेच्या कर्जाचा असेल, शाळेतल्या गळतीचा असेल, दवाखान्यातल्या रुग्णांचा असेल. तरी पुढचा पेपर वाचताना हे चार प्रश्न समासात लिहून ठेवा आणि वाचता वाचता उत्तरं भरा. भागाकारात खाली काय आहे? एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी मोजल्यात का? आकडा वाढायला मूळ गोष्ट वाढण्याशिवाय दुसरं काही कारण असू शकतं का? आणि ही नोंद कुणी लिहिली, कोण तिच्याबाहेर राहिलं?

दवाखान्यात आलेले रुग्ण म्हणजे गावातले आजारी नव्हेत, आणि पटावरची मुलं म्हणजे वर्गात बसलेली मुलं नव्हेत. हा फरक ज्या ओळीत पुसला गेलाय ती ओळ सापडली, की तुमची चिकित्सा तिथून सुरू करा. मैत्रिणीला मी एवढंच सांगितलं, आणि सोबत कावेरीचे दोन्ही पेपर दिले. पहिला आधी वाच म्हटलं, त्यावर एक पान लिही, मगच दुसरा उघड.